बाबांची एचएमटी जनता रोज दोन मिनिटं पुढे पळते; चावीच्या घड्याळाकडून अपेक्षा तरी किती ठेवायची?

तिठा | ६ जून, रात्री १०:१२

कपाट आवरताना बाबांची एचएमटी जनता हाती लागली. देवनागरी आकड्यांची डायल. एकेकाळी पांढरी होती, आता सायीच्या रंगावर गेलीय. १९७९ मध्ये घेतलेली, असं आई सांगते. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आणि चिपळूणहून गाडी किती वाजता सोडायची हे वीसेक वर्षं ह्या घड्याळावर ठरलं.

रोज सकाळी रेडिओवर बातम्यांआधी वेळेचे पिप् वाजायचे. बाबा चहाची बशी बाजूला ठेवून घड्याळ हातात घ्यायचे, काटा जुळवायचे आणि मग चावी द्यायचे. वीस-बावीस वेळा चिमटीत फिरवली की चावी अडायची आणि बाबांची बोटं तिथेच थांबायची. मला आठवतंय त्याप्रमाणे जुळवायचं म्हणजे अर्धा मिनिट, त्याहून जास्त कधी नाही.

गेल्या महिन्यात एका दुकानात देऊन ते साफ करून घेतलं. साडेसातशे रुपये. चालतंय झकास, पण पळतंय! परत घेऊन गेलो तर मालक म्हणाले, "चावीचं घड्याळ आहे साहेब, दोन मिनिटं म्हणजे काहीच नाही." आठ दिवस सकाळी सातला फोनच्या वेळेशी ताडून वहीत लिहिलं. सेकंदांत, सगळे पुढेच: ११८, १२१, ११७, १२४, ११९, १२०, ११६, १२२.

दोन प्रश्न आहेत. एक, एवढं पुढे जाणं खरंच चालण्यासारखं आहे का? दोन, थोडा उद्धट प्रश्न आहे, पण लोक लाख-लाख रुपये देऊन चावीची आणि ऑटोमॅटिक घड्याळं घेतात ती नक्की कशासाठी?

काडीपेटी | ६ जून, रात्री १०:३१

रोज दोन मिनिटं म्हणजे महिन्याला बरोब्बर एक तास. माझ्या मनगटावर कॅसिओ एफ-९१डब्ल्यू आहे. कंपनीच सांगते, महिन्याला ३० सेकंद इकडेतिकडे. गजर आहे, दिवा आहे, तारीख आहे, आणि एक बॅटरी वर्षानुवर्षं जाते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथे मात्र मोल आहे आणि ते भयंकर आहे.

अण्णा_डोंबिवली | ६ जून, रात्री ११:०२

तुम्ही लोक सेकंदांचा काथ्याकूट करा. आमच्याकडे डोंबिवलीत घरातलं प्रत्येक घड्याळ वेगवेगळं पुढे असायचं. हॉलमधलं दहा मिनिटं, स्वयंपाकघरातलं सात, माझ्या हातातलं पाच. कारण लोकल. बायको स्वयंपाकघरातलं बघून डबा भरायची, मी हॉलमधलं बघून बूट घालायचो आणि जिन्यात हातातलं बघून पळायचो. प्रत्येकाला फरक पाठ होता, त्यामुळे पुढे ठेवून काडीचाही उपयोग नव्हता. तरी तीस वर्षं ठेवली.

सेकंदकाटा | ६ जून, रात्री ११:४०

तिठा, तुमची वही बघून बरं वाटलं. बहुतेक जण 'पुढे जातं हो' एवढंच सांगतात. तुमच्या आकड्यांतच अर्धं उत्तर आहे.

आठही दिवस घड्याळ ११६ ते १२४ च्या मध्ये आहे. म्हणजे ते चुकतंय, पण रोज तेवढंच चुकतंय, आणि हे चांगलं लक्षण आहे. बिघडलेलं मशीन आज ४० पुढे, उद्या ९० मागे, परवा दुपारी बंद, असं करतं. त्याला उघडून कारण शोधावं लागतं. नेमाने तेवढीच चूक करणारं घड्याळ मात्र जागेवर आणता येतं. घड्याळ तपासणारे लोक म्हणूनच चुकीपेक्षा चुकीतला चढउतार आधी बघतात.

जनतेचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, सेकंदाला पाच. दिवसाचे झाले ४,३२,०००. तुमचं १२० सेकंद पुढे जातं, म्हणजे दर ७२० ठोक्यांमागे एक ठोका जादा पडतो. बस, एवढीच ती चूक. पितळेचं एक चाक, त्याला परत ओढणारी केसाएवढी हेअरस्प्रिंग, आणि गेली पंचेचाळीस वर्षं ते चाक इकडून तिकडे झुलतंय. ७२० मध्ये एक चूक मी तर माणसालाही माफ केली असती.

पण तुमचे दुकानदार म्हणतात तसं 'काहीच नाही' हेही खरं नाही. स्विस क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेसाठी तपासलेल्या घड्याळाचं, सीओएससी ह्या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र मिळायला रोजची सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे ह्यात बसावी लागते. १५ दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश तापमानांत तपासतात. मेटास ह्या स्विस सरकारी मापन संस्थेची चाचणी पास झालेली ओमेगाची घड्याळं शून्य ते ५ पुढे. हे झालं वरचं टोक. नव्या सेको ५ मधलं ४आर३६ मशीन घ्या, तिथे कंपनीच ४५ पुढे ते ३५ मागे म्हणते, आणि प्रत्यक्षात बहुतेक त्याहून बरीच चांगली चालतात. जुनी पण निगुतीने ठेवलेली जनता दिवसाला २०-३० सेकंदांत सहज बसावी. बाबांचा अर्धा मिनिट अगदी बरोबर आहे.

आता एकच विचारतो. रात्री घड्याळ कुठे ठेवता?

तिठा | ७ जून, सकाळी ७:२०

आजचा आकडा ११९.
रात्री पलंगाशेजारी, टॅबच्या कव्हरवर ठेवतो. का?

सेकंदकाटा | ७ जून, सकाळी ७:४४

टॅबचं कव्हर आपोआप चिकटतं ते त्यातल्या चुंबकांमुळे.

हेअरस्प्रिंगला चुंबकत्व आलं की तिचे वेढे एकमेकांना ओढतात, चिकटतात. चिकटलेला भाग कामातून जातो, म्हणजे स्प्रिंग जणू आखूड होते. झोपाळ्याची दोरी आखूड केली की झोके कसे भराभर येतात, तसंच. म्हणून चुंबक लागलेलं घड्याळ बहुतेक वेळा पुढेच पळतं. फोनची कव्हरं, स्पीकर, लॅपटॉपचं झाकण, पर्सची कडी, गाडीतला मोबाइल अडकवायचा गोल तुकडा. बाबांच्या वेळी ह्यातलं फारसं काही नव्हतं.

घरात सुईचं होकायंत्र आहे का? फोनमधलं नको, खरी सुई असलेलं हवं. घड्याळ चालू असताना त्यावर धरा. पोलादी भागांमुळे सुई थोडी वळेलच, ते सोडा. ती ठोक्याठोक्याला थरथरते का ते बघा.

काडीपेटी | ७ जून, सकाळी ९:१५

म्हणजे पर्सजवळ ठेवायचं नाही, फोनजवळ ठेवायचं नाही, रोज चावी द्यायची, पाण्यात घालायचं नाही, तीन-चार वर्षांनी साफ करायचं. हे घड्याळ आहे की सोवळ्यातली आजी?

भिंगरी | ७ जून, दुपारी १:५०

ह्या धाग्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण 'दोन मिनिटं म्हणजे काहीच नाही' वाचून राहवलं नाही. माझे वडील घड्याळजी. मिरजेत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक टपरी, चार फूट बाय पाच. पुढे काचेची पेटी, आत स्टूल, डोळ्याला काळं भिंग. त्या भिंगाच्या खाचेने उजव्या भुवईखाली कायमची रेघ पडली होती.

घड्याळ आलं की ते आधी कानाला लावायचे. गिऱ्हाईक बोलत राहायचं, हे ऐकत राहायचे, गिऱ्हाइकाचं नव्हे, घड्याळाचं. मग मागचं झाकण उघडायचं. मशीन सुटं करून पेट्रोलच्या वाटीत टाकायचं, मऊ कुंचल्याने धुवायचं, पांढऱ्या कागदावर वाळवायचं. स्क्रू खसखशीएवढे. एक उडाला की टपरीचं दार बंद. मी आणि भाऊ गुडघ्यांवर बसून चुंबक नव्हे, भिजवलेलं बोट घेऊन फरशी चाचपायचो. चुंबक टपरीत आणायला सक्त बंदी होती, ती का ते आज सेकंदकाटा ह्यांचं वाचून नीट कळलं.

तेल द्यायचं ते सुईच्या टोकाने. चाकाचा आस ज्यात बसतो त्या एका खड्याला एवढंसं, की दिसलं तर जास्त झालं म्हणायचं. पंखा कधीच नाही. मे महिन्यातही नाही. आणि पावसाळ्यात, सरी चालू असताना, मशीन उघडायचे नाहीत. दमट हवा आत कोंडली की पोलादाला गंज धरतो, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी फक्त पट्टे आणि काचा बदलायचे. जूनमध्ये आमच्याकडे पैशांची ओढाताण असायची, ती ह्यामुळे.

मुद्द्याचं सांगते. काम झालं की घड्याळ लगेच द्यायचे नाहीत. मागच्या फळीवर खिळे होते. एक दिवस डायल वर करून ठेवायचे, एक दिवस पालथं, एक दिवस चावी खाली करून खिळ्याला टांगलेलं. शेजारी पाटीवर खडूने आकडे. चाक आडवं असताना ते आसाच्या टोकावर फिरतं, उभं असताना आसाच्या कडा घासतात, म्हणून प्रत्येक घड्याळ आडवं वेगळं चालतं आणि उभं वेगळं. मग विचारायचे, काय काम करता? मास्तर असतील तर हात खडूने फळ्यावर, म्हणजे घड्याळ उभं. शिंप्याचा हात मशीनवर आडवा. त्याप्रमाणे चाल कमीजास्त करणारी दांडी केसभर सरकवायची. त्यामुळे त्यांनी लावलेलं घड्याळ दुसऱ्याच्या हातात गेलं की पाच-दहा सेकंदांनी बिघडायचं, आणि त्याचा त्यांना अभिमान वाटायचा!

तिठा, तुमचे दुकानदार तीन दिवस टांगून ठेवायला तयार नसतील, एवढंच ते 'काहीच नाही'.

अण्णा_डोंबिवली | ७ जून, दुपारी २:२०

+१
भिंगरीताई, ह्याचा वेगळा लेख करा. वाचनखूण साठवली आहे.

निशिगंधा | ७ जून, रात्री ८:०५

माझा अनुभव सांगते, म्हणजे दुसरं कोणी फसणार नाही. गेल्या वर्षी एका संकेतस्थळावरून 'जुनी एचएमटी पायलट, एकदम नव्यासारखी' घेतली, बाराशे रुपयांना. पायलटची खरी डायल काळी, साधी, पांढऱ्या आकड्यांची. मला आलेली मोरपंखी निळी. वर नारिंगी सेकंद काटा! मला फार आवडली होती हो. तीन दिवसांत बंद.

मग कळलं की ह्या प्रकाराला जगभरचे घड्याळवाले 'मुंबई स्पेशल' म्हणतात. जुनी घड्याळं गोळा करायची, ह्याचं मशीन, त्याची बाहेरची केस (पेटी), तिसऱ्याचे काटे, आणि डायल खरवडून नव्याने रंगवायची. एचएमटी, फेवर-लुबा, सेको ५, सगळ्यांची. आपल्या शहराचं नाव अशा ठिकाणी बघून काय वाटावं हेही कळेना.

ओळखायचं कसं, तर डायलवरची अक्षरं जाड आणि फुगलेली असतात, मिनिटांच्या रेघा कडेला नीट जुळत नाहीत, आणि घड्याळ चाळीस वर्षांचं पण डायलवर एक डाग नाही. तिठा ह्यांची सायीच्या रंगाची डायल हाच खरेपणाचा दाखला. कोणी 'रंगवून देतो' म्हटलं तर देऊ नका, प्लीज.

मिरजकर | ७ जून, रात्री ९:३०

अवांतर: भिंगरी, ती टपरी मला आठवते बहुतेक. लग्नात सासऱ्यांनी दिलेली एचएमटी कांचन तिथेच नेत असे. त्या काळी जावयाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ. कांचन दिली म्हणजे पार्टी मोठी. ऑटोमॅटिक, चौकोनी, वजनदार. हात हलवला की आतलं वजन फिरतं आणि चावी बसते. निवृत्त झाल्यावर आरामखुर्चीत बसायला लागलो तशी ती बंद पडायला लागली. डॉक्टर चालायला सांगत होते ते ऐकलं नव्हतं, घड्याळासाठी चालायला लागलो.

सुवाकर | ८ जून, पहाटे ५:१८

नागानोतून नमस्कार. जपानात एका कंपनीत नोकरी, घड्याळांशी संबंध शून्य, पण राहतो सुवा सरोवराजवळ, त्यामुळे संबंध आलाच.

काडीपेटी ज्या क्वार्ट्झच्या, म्हणजे खड्याच्या कंपनांवर चालणाऱ्या बॅटरीच्या घड्याळाच्या, बाजूने भांडतायत ते मनगटावर पहिल्यांदा आलं ते इथलं. सेकोचं क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन, २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत विक्रीला आलं. (आपण सिको म्हणतो, इथे तसं म्हटलं तर कोणाला कळत नाही.) किंमत ४,५०,००० येन, तेव्हा तेवढ्यात मोटार यायची. चूक महिन्याला ५ सेकंद. आणि मजा बघा, ह्याच कंपनीची चावीची घड्याळं १९६८ मध्ये जिनिव्हाच्या वेधशाळेच्या स्पर्धेत यांत्रिक घड्याळांत सगळ्यांच्या वर आली होती. चाकं आणि स्प्रिंगांच्या खेळात स्वित्झर्लंडला त्यांच्याच अंगणात गाठलं आणि पुढच्याच वर्षी तो खेळच मोडीत काढणारं यंत्र बाजारात आणलं.

इथे शिमोसुवा गावात घड्याळांचं संग्रहालय आहे. पैसे भरले की तिथे घड्याळ जोडायला बसता येतं. मी मागच्या हिवाळ्यात मुलीला घेऊन गेलो. पांढरा कोट, बोटांना रबरी टोप्या, चिमटा. दोन तास लागले. चाकं बसवली, वरची पट्टी ठेवली, स्क्रू आवळले, सगळं निर्जीव. शेवटी बॅलन्स, म्हणजे ते झुलणारं चाक, बसवायचा. शिकवणाऱ्या बाईंनी माझा हात धरला नाही, फक्त श्वास रोखायला सांगितलं. मी चिमट्यातून तो सोडला, बरोबर बसला नाही. पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा खाली टेकवला आणि एकदम चाक झुलायला लागलं, मी हात काढायच्या आतच. आठ वर्षांची पोरगी जोरात ओरडली, आजूबाजूचे सगळे शिस्तीचे जपानी आमच्याकडे बघायला लागले. क्वार्ट्झमध्ये बॅटरी बसवून मला कधी असं झालेलं नाही, एवढंच माझं तांत्रिक मत.

काडीपेटी | ८ जून, सकाळी १०:४०

सुवाकर, छान लिहिलंत, पण ह्यानेच माझा मुद्दा पक्का होतो. जे यंत्र तुमच्या गावाने पन्नास वर्षांपूर्वी हरवलं त्याला आज स्वित्झर्लंड आठ-दहा लाखांना विकतं. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळ उद्योगात नव्वद हजार माणसं होती, पंधरा वर्षांत ती तीस-पस्तीस हजारांवर आली. उरलेल्यांनी 'वारसा', 'कलाकुसर' हे शब्द शोधून काढले. टूरबियाँ नावाच्या त्या गोल फिरणाऱ्या रचनेच्या घड्याळावर दिवसाला पाच सेकंद चूक, आणि किंमत फ्लॅटची!

सेकंदकाटा | ८ जून, सकाळी ११:३०

टूरबियाँबद्दल तुमच्याशी सहमत, लिहून घ्या. ब्रेगेने १८०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं ते खिशातल्या घड्याळासाठी. खिशात घड्याळ दिवसभर उभं, एकाच स्थितीत. म्हणून सगळा ठोक्याचा भागच हळूहळू गोल फिरवला, म्हणजे एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूने भरून निघते. मनगट दिवसभर स्वतःच वळत असतं, तिथे ह्याची गरज फारशी नाही. दिसायला सुंदर आहे, ते वेगळं.

पण 'हरवलं' हा शब्द मला पटत नाही. क्वार्ट्झचा खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्याचे पंधरा वेळा अर्धे केले की सेकंदाला एक ठोका. जनतेचे पाच. पाच विरुद्ध ३२,७६८. ह्या भांडणात पाचवाला हरणारच, प्रश्न आहे तो एवढ्या कमी अंतराने कसा हरतो हा! दिवसात ८६,४०० सेकंद. त्यात दहाची चूक म्हणजे ९९.९८ टक्क्यांहून जास्त बरोबर. तेही वीज नाही, बॅटरी नाही, थंडी-ऊन, हात आपटणे, सगळं सोसून. नुसतं ऊन-थंडीचं बघा. तापलं की साध्या पोलादाची हेअरस्प्रिंग ढिली पडते आणि घड्याळ मागे पडतं. लांबी आणि ताण न बदलणारे निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधणाऱ्या गियोमला १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एका बारीक स्प्रिंगमागे केवढी माणसं राबली आहेत.

आठ लाखांचं समर्थन मी करत नाही. माझ्याकडचं सगळ्यात महाग घड्याळ अठरा हजारांचं आहे आणि ते बायकोला दहाचं म्हणून सांगितलंय.

अण्णा_डोंबिवली | ८ जून, सकाळी ११:४२

वहिनी इथे वाचत नाहीत ना?

तिठा | १० जून, रात्री ९:५५

सगळ्यांना एकत्र उत्तर.

पुतण्याच्या स्काउटच्या पिशवीतलं होकायंत्र आणलं. घड्याळावर धरलं, सुई आधी वळली, स्थिर झाली. मला वाटलं काही नाही. मग डोळे जवळ नेले. सुईचं टोक थरथरत होतं, अगदी बारीक, ठोक्यांच्या तालात. आईला दाखवलं. ती म्हणाली, "त्याला ताप आलाय."

चुंबक उतरवायचं निळं खोकं मागवलं, पाचशेच्या आत मिळालं. बटण दाबून घड्याळ त्यावर धरायचं आणि हळूहळू वर उचलत दूर न्यायचं, मगच बटण सोडायचं. दुसऱ्या दिवशीचा आकडा: ३४ मागे. एका रात्रीत दोन मिनिटं पुढे असलेलं मागे गेलं! आज ३६ मागे.

टॅबचं कव्हर आता हॉलमध्ये.

सेकंदकाटा | १० जून, रात्री १०:१०

म्हणजे दुकानदाराने साफसफाई बरी केली होती, वेळ लावायचा तेवढा कंटाळा केला. आता भिंगरीताईंची युक्ती करून बघा. रात्री डायल वर, मग चावी वर, मग चावी खाली, प्रत्येकी दोन दोन रात्री. आणि चावी रोज ठरल्या वेळीच द्या. पूर्ण चावी दिलेली असताना चाकाचा झोका मोठा असतो, स्प्रिंग उतरत जाते तसा लहान होतो, आणि झोका बदलला की चाल थोडी बदलते. दर चोवीस तासांनी त्याच वेळी चावी दिली की रोजचा प्रवास सारखा होतो. बाबा बातम्यांच्या वेळी चावी द्यायचे ना? रेडिओने वेळ तर मिळायचीच, घड्याळाला शिस्तही लागायची. अर्धं श्रेय मशीनचं, अर्धं त्यांच्या बोटांचं.

मिरजकर | ११ जून, सकाळी ८:००

हे बरोबर आहे. आमचे वडील संध्याकाळी दिवेलागणीला चावी द्यायचे. कोणी मधेच "काका, बघू" म्हणून चावी फिरवली तर चिडायचे. आम्हाला वाटायचं तऱ्हेवाईकपणा.

निशिगंधा | ११ जून, दुपारी १२:१५

मध्येच विचारते, एचएमटी आता पूर्ण बंदच ना? दुकानांत 'नवी एचएमटी' म्हणून दाखवतात ती काय असते?

सेकंदकाटा | ११ जून, दुपारी १:०२

घड्याळांची कंपनी बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झालेला कारखाना, पुढे तुमकूर, श्रीनगर, राणीबाग. सिटिझनच्या खुणा आजही मशीनवर दिसतात. जनतेच्या डायलवरचं 'पॅराशॉक' हे धक्क्यापासून वाचवणाऱ्या त्यांच्याच रचनेचं नाव. चावीच्या घड्याळांवर अख्खा देश चालला, मग होसूरची टायटन क्वार्ट्झ घेऊन आली आणि दिसायलाही देखणी. त्यातून एचएमटी सावरली नाही. बंगळूरला जालहळ्ळीत एचएमटीचं संग्रहालय आहे, जमलं तर बघा. दुकानातल्या 'नव्या'बद्दल: पावती आणि डायल दोन्ही नीट बघून मगच पैसे द्या. मोरपंखी निळी दिसली तर पळा.

निशिगंधा | ११ जून, दुपारी १:०६

:( कळलं.

तिठा | २१ जून, रात्री ९:२०

वही पुढे. डायल वर ठेवून: ३४, ३६ मागे. चावी खाली: ५१, ४८. चावी वर: २२, २३. म्हणजे रात्री कसं झोपवायचं एवढ्यानेच जवळजवळ अर्ध्या मिनिटाचा फरक. भिंगरीताई, फळीवरचे खिळे डोळ्यांसमोर आले.

मग आमच्या गल्लीच्या टोकाला एक काका आहेत, दुकान केव्हाच बंद केलंय, घरीच करतात. त्यांच्याकडे वहीसकट गेलो. वही त्यांनी घड्याळाच्या आधी वाचली, दोन पानं मागे जाऊन पुन्हा वाचली. मग झाकण उघडून भिंग लावलं. बॅलन्सवर एक इवलीशी दांडी आहे, तिला लाकडी काडीच्या टोकाने स्पर्श केल्यासारखं केलं. मला काही हललेलं दिसलंच नाही. "झालं?" विचारलं तर म्हणाले, "चार दिवस इथे राहू दे. पैसे तेव्हा."

चार दिवसांनी आणलं. त्यानंतरच्या सकाळी: ६ पुढे, ९ पुढे, ४ पुढे, ७ पुढे. दीडशे रुपये घेतले, आणि वहीतल्या शेवटच्या पानावर मी सांगितलं होतं त्यावरून त्यांच्या अक्षरात लिहून दिलं: 'रात्री चावी वर. हात डावा. कामाने बँकेत.'

आईला सांगितलं की आता दिवसाला सात सेकंदच. ती म्हणाली, "एवढं तर तेही लावत नव्हते." मग थोड्या वेळाने येऊन घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं आणि स्वयंपाकघरात घेऊन गेली. अजून परत आलेलं नाही.

सुवाकर | २२ जून, पहाटे ५:०३

सात सेकंद! पंचेचाळीस वर्षांच्या घड्याळाला, घरी बसून. इथल्या लोकांना सांगतो.

काडीपेटी | २२ जून, सकाळी ९:४८

अभिनंदन. माझं मत बदललेलं नाही, तरी एक मदत हवी आहे. आजोबांचं फेवर-लुबा कपाटात आहे, डायल रंगवलेली नाही, चावी फिरते पण काटा हलत नाही. मला वापरायचं नाही. विकायचंय, आणि चालू असेल तर किंमत बरी येते असं वाचलं. त्या काकांचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

तिठा | २२ जून, सकाळी १०:०५

केला. पण पाऊस असेल त्या दिवशी जाऊ नका. तेही उघडत नाहीत.